मुलाला घरी परत का पाठवले?

मागील अंकात या सदरातून निराधार आणि संकटातील मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांविषयी प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी सात पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे वगळली आहेत, आणि ज्यांवरून एखाद्या मुलाची ओळख पटू शकेल असे तपशील बदलले आहेत. मी स्वतः सत्तावीस वर्षे मुंबईतील एका बालसंस्थेत सामाजिक कार्यकर्ती म्हणून काम केले, त्यांतील पहिली नऊ वर्षे रेल्वे स्थानकांवर. त्यामुळे उत्तरांत कायद्याच्या जोडीला अधूनमधून फलाटाचा वास आला तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

प्रश्न : ताई, मी निवृत्त शिक्षक आहे. सहा महिन्यांपूर्वी पहाटे कल्याण स्थानकावर दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा बाकाखाली एकटाच झोपलेला दिसला. मी १०९८ वर फोन केला, कार्यकर्ते आले, मुलगा त्यांच्या स्वाधीन केला. पुढे चौकशी केली तेव्हा कळले की महिन्याभरातच त्याला मराठवाड्यातील त्याच्या घरी परत पाठवले. ज्या घरातून तो पळाला त्याच घरात? मग संस्थेने केले काय? मला तर हे हात झटकणे वाटते.

उत्तर : सर, तुमचा राग मला ओळखीचा आहे. स्थानकावर काम करू लागले तेव्हा पहिली दोन वर्षे माझीही अशीच समजूत होती की फलाटावरचे मूल आपल्या इमारतीत आणले, त्याला आंघोळ घातली, जेवू घातले, शाळेत घातले, की आपले काम झाले. आणि एखादे मूल घरी गेले की हातचे काहीतरी निसटल्यासारखे वाटे. ही समजूत मुलांनीच मोडून काढली.

तुमच्या फोननंतर काय झाले असेल ते आधी सांगते. १०९८ हा संकटातील मुलांसाठीचा मदत क्रमांक १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा एक उपक्रम म्हणून जेरू बिलिमोरिया यांनी सुरू केला. रस्त्यावरच्या मुलांच्या तोंडी तो 'दस-नौ-आठ' म्हणून बसला. पूर्वी तो संस्थांच्या जाळ्यामार्फत चाले. २०२३ पासून तो शासनाच्या नियंत्रण कक्षाकडे गेला आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडला गेला. फोन कोणीही उचलला तरी पुढची वाट एकच आहे. सापडलेल्या मुलाला, प्रवासाचा वेळ सोडून, चोवीस तासांच्या आत जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे हजर करावे लागते. अध्यक्ष आणि चार सदस्य अशा या समितीत किमान एक महिला असावीच लागते, आणि तिला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. मुलाला कोठे ठेवायचे आणि कोठे पाठवायचे हे समितीच ठरवते. संस्था मुलाला सांभाळते, माहिती गोळा करते आणि समितीचा आदेश अमलात आणते. 'संस्थेने पाठवले' हे आपले बोलण्यापुरते.

पण समितीने तरी का पाठवावे, हा तुमचा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर मूल घर का सोडते यात आहे. ते कारण पहिल्या दिवशी कधीच कळत नाही. आमच्याकडे शिरस्ता असा होता की मुलाला बसवायचे, चहा-बिस्कीट पुढे करायचे आणि नाव विचारायचे नाही. नाव विचारले की ते 'राजू' सांगते आणि गाव 'मुंबई'. असाच एक 'राजू' दोन दिवस मुंबईचाच होता. तिसऱ्या दिवशी ताटात दोडक्याची भाजी पडली तेव्हा 'ही कामून वाढली?' असे तो बोलून गेला, आणि स्वयंपाकघरातल्या मावशी, ज्या मूळच्या परभणीकडच्या, हातातला डाव तसाच धरून वळल्या आणि म्हणाल्या, 'लेकरा, तुझ्या गावचा बाजार कोणत्या वारी?' तो म्हणाला, 'बुधवारी.' मूल गावाचे नाव लपवते, बापाचे नाव लपवते, पण बाजाराचा वार लपवावा हे त्याला सुचत नाही. बुधवारचा बाजार, गावाबाहेर जिनिंग, शाळेसमोर मारुतीचे देऊळ, एवढ्यावर तालुका निघाला. तालुक्यावरून पोलीस पाटलांचा नंबर मिळाला आणि संध्याकाळी फोनवर पलीकडून एका बाईचे रडणे ऐकू आले. 'राजू'ने प्रगतिपुस्तकावर वडिलांची खोटी सही केली होती आणि ती गुरुजींनी ओळखली होती. देवगिरी एक्स्प्रेसने मुंबई गाठायला त्याला एवढे कारण पुरले.

अशा मुलाला इमारतीत ठेवून घेणे म्हणजे त्याच्या एका दुपारच्या भीतीची शिक्षा त्याला आणि त्याच्या आईला वर्षानुवर्षे देणे होय. बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्ये हे तत्त्व म्हणूनच लिहिले आहे की मुलाची पहिली जबाबदारी कुटुंबाची आणि संस्था हा शेवटचा उपाय.

आता तुमच्या मनातली शंका. सगळीच मुले प्रगतिपुस्तकामुळे पळत नाहीत. काहींच्या घरी बापाची दारू असते, आई कामाच्या ओझ्याखाली पिचलेली असते, सावत्रपणा असतो. अशा घरी मुलाला पाठवायचे तर घर आधी थोडे सावरावे लागते. समितीच्या आदेशाने महिना ठरावीक रक्कम मिळू शकते. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधून दरमहा ४,००० रुपये, किंवा राज्याच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून दरमहा २,२५० रुपये. ही रक्कम मोठी नाही, परंतु मुलाला कामाला लावण्यापेक्षा शाळेत ठेवणे परवडू लागते ते कित्येकदा एवढ्यावरच. काही वेळा आजी किंवा मामा-मामी सांभाळायला तयार असतात आणि त्यांच्याकडे मूल रमते. आणि काही घरे अशी असतात की तेथे मुलाला पाठवायचेच नसते. घरातच लैंगिक अत्याचार झालेला असेल, जिवावर बेतेल अशी मारहाण असेल, मुलाला विकण्याचा प्रयत्न झाला असेल, तर घरचे कितीही रडले, गावचे पुढारी गाडी घेऊन दारात आले, तरी मूल द्यायचे नाही. अशा वेळी समितीच्या आदेशाचा कागद संस्थेला भिंतीसारखा उपयोगी पडतो. हा फरक ओळखण्यासाठी सामाजिक तपासणी अहवाल असतो. तो पंधरा दिवसांत व्हावा आणि समितीने चार महिन्यांत अंतिम निर्णय द्यावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे.

हात झटकणे कशाला म्हणतात तेही मी पाहिले आहे, आणि त्यात माझा वाटा आहे. मार्चअखेरीस प्रलंबित फायली संपवायच्या होत्या म्हणून नऊ वर्षांच्या एका मुलाला आम्ही त्याच्या काकांकडे पाठवले. घर पाहिले नव्हते. फोनवर काका गोड बोलले होते आणि अहवालात मी 'घरचे वातावरण समाधानकारक' असे लिहिले होते. चाळीस दिवसांनी तो पुन्हा त्याच फलाटावर सापडला, मनगटावर उलथन्याचा चटका घेऊन. त्याने माझ्याकडे पाहिले आणि काहीच विचारले नाही.

म्हणून तुम्ही त्या संस्थेला एवढेच विचारा की गृहभेट प्रत्यक्ष झाली होती का आणि मूल गेल्यानंतर कोणी जाऊन पाहून आले का. मुलाचे नाव-गाव, घरातले कारण ते तुम्हांला सांगणार नाहीत, आणि सांगूही नये. पण या दोन प्रश्नांना सरळ 'हो' आले तर तुमचा त्या पहाटेचा फोन सत्कारणी लागला असे समजा. उत्तर गुळमुळीत आले तर जिल्हा बाल संरक्षण कक्षाला लेखी कळवा. हा कक्ष जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात असतो.

प्रश्न : आमच्या नातवाचा पाचवा वाढदिवस आम्ही एका बालगृहात केक कापून साजरा करू इच्छितो. मुलांना जेवण देऊ. मात्र संस्थेने मुलांसोबत फोटो काढण्यास नकार दिला. आम्ही खर्च करणार असताना हा अविश्वास का?

उत्तर : अविश्वासाचा येथे संबंध नाही. संस्थेतील मुलाची ओळख उघड होईल असे नाव, पत्ता, शाळा, छायाचित्र प्रसिद्ध करण्यास कायद्याची मनाई आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आणि हल्ली फोटो काढला म्हणजे तो प्रसिद्ध झालाच; जेवणाची ताटे उचलण्याआधी तो नातेवाइकांच्या तीन गटांत फिरलेला असतो. ज्या संस्थेने तुम्हांला नकार दिला ती संस्था चांगली आहे.

केकबद्दल मात्र थोडे बोलू द्या. एका डिसेंबरमध्ये आमच्या मुलांनी अनोळखी लोकांसाठी अकरा वेळा टाळ्या वाजवून वाढदिवसाचे गाणे म्हटले होते. त्यांतल्या कित्येकांना स्वतःची जन्मतारीख ठाऊक नव्हती. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला शाळामास्तरांनी सरसकट १ जून ही जन्मतारीख बहाल केली होती, तशीच या मुलांना वैद्यकीय तपासणीवरून अंदाजाने वय मिळते. एक मुलगी मला म्हणाली होती, 'ताई, आज माझा ठेवा ना वाढदिवस, नाहीतरी केक आलाय.' तुम्ही जेवण जरूर द्या, पण नातवाचे नाव न घेता द्या. आणि खर्चच करायचा असेल तर अधीक्षकांना विचारा की कोणाला चष्मा हवा आहे, कोणाचे दात दुखतात, दहावीच्या मुलांना गणित शिकवायला कोणी येते का. बहुधा कोणी येत नसते.

प्रश्न : आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर अकरा-बारा वर्षांची एक मुलगी राहते. 'गावाकडची भाची' आहे असे सांगतात, पण ती शाळेत जात नाही, घरातील बाळाला सांभाळते, रात्री उशिरापर्यंत भांड्यांचा आवाज येतो. सोसायटीतले संबंध बिघडतील म्हणून आम्ही गप्प आहोत. आधी त्यांच्याशीच बोलून पाहावे का?

उत्तर : नको. हे वाक्य मी मुद्दाम तोडून लिहिते आहे, कारण भल्या हेतूने केलेली ही एकच चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहिली. तुम्ही सभ्यपणे विचारायला जाल, ते चहा देतील, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुलगी तेथे नसेल. 'गावी गेली' असे सांगतील. ती गावी गेली की दुसऱ्या शहरातल्या दुसऱ्या भांड्यांकडे गेली, हे मग कोणालाच कळणार नाही.

चौदा वर्षांखालील मुलांना घरकामाला ठेवण्यावर २००६ च्या ऑक्टोबरपासून बंदी आहे, आणि २०१६ च्या दुरुस्तीने या वयाच्या मुलांना कामावर ठेवण्यासच मनाई केली. स्वतःच्या कुटुंबाच्या उद्योगात शाळेनंतर हातभार लावणे एवढीच मुख्य सवलत उरली, आणि दुसऱ्याच्या घरचे बाळ सांभाळणे त्यात बसत नाही. शिक्षा सहा महिने ते दोन वर्षे कैद, किंवा वीस ते पन्नास हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. खरोखरच ती भाची असेल तर शाळेचा दाखला आणि आईवडिलांचा फोन या दोन गोष्टींवर पाच मिनिटांत निकाल लागेल, आणि कोणाचे काही बिघडणार नाही.

१०९८ वर फोन करा. तुमचे नाव न देता कळवता येते. इमारत, मजला, मुलगी खिडकीत किंवा गच्चीवर कोणत्या वेळी दिसते, घरातले लोक कामावर केव्हा जातात, एवढे सांगितले तरी पुरते. मुलीला तेथून काढतात तेव्हा ती आनंदाने बाहेर पडते असे समजू नका. बहुतेकदा ती रडते, मालकिणीला बिलगते, 'माझे पैसे राहिलेत' म्हणते. तिच्या दृष्टीने आपणच तिला पकडून नेत असतो. त्या पहिल्या रात्री संस्थेत तिच्याशेजारी कोण झोपते आणि तिच्या बुडालेल्या मजुरीसाठी पुढे कोण पाठपुरावा करते, यावर बरेच अवलंबून असते. छाप्याच्या बातम्या छापून येतात. मजुरी वसूल करून बँकेत मुलीच्या नावे जमा झाल्याची बातमी मी अजून वाचलेली नाही, जरी तसे काही वेळा घडलेले मला माहीत आहे.

प्रश्न : मी बीड जिल्ह्यात अंगणवाडी सेविका आहे. आमच्या वस्तीवर पंधरा वर्षांच्या मुलीचे लग्न दसऱ्याआधी उरकायचे ठरले आहे. आई-वडील ऊसतोडीला जातात. मी बोलले तर वस्तीत राहणे अवघड होईल. संस्थेच्या लोकांना सांगितले तर ते एक दिवस येतील आणि जातील. मला येथेच राहायचे आहे.

उत्तर : बाई, तुमचे शेवटचे वाक्य संस्थांत काम करणाऱ्या प्रत्येकाने टेबलावर लिहून ठेवावे असे आहे.

शहरातल्या वाचकांसाठी दोन वाक्ये. ऊसतोडीत मजूर एकेकटा मोजत नाहीत, नवरा-बायकोची जोडी मोजतात. त्या जोडीला 'कोयता' म्हणतात आणि मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्याला. त्यामुळे मुलाचे लग्न झाले की घरात एक कोयता वाढतो. मुलीच्या बाजूने पाहिले तर हंगामात सहा महिने आई-वडील फडावर असताना वयात आलेली मुलगी गावात कोणाच्या भरवशावर ठेवायची, हा प्रश्न असतो. म्हणजे या लग्नामागे अज्ञानापेक्षा हिशोब आणि भीती जास्त असते, आणि 'कायदा मोडू नका' या उपदेशाने दोन्हींपैकी काहीच कमी होत नाही.

ग्रामीण भागात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी हे ग्रामसेवक असतात आणि अंगणवाडी सेविकेने त्यांना सहाय्य करायचे असते. म्हणजे कळवणे हे तुमच्या कामातच येते. तरीही तुमचे नाव पुढे येण्याची गरज नाही. १०९८ वर कोणीही, कोठूनही कळवू शकते, तुमची पुण्यातली बहीणसुद्धा. वेळ कमी असेल तर न्यायालयाकडून लग्नाला मनाई हुकूम आणता येतो, आणि हुकूम असताना लावलेले लग्न मुळातच अवैध ठरते. लग्न लावणारे, ठरवणारे, थांबवू शकत असूनही न थांबवणारे पालक यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. व्यवहारात पालकांकडून हमीपत्र घेतात आणि मुलीला बाल कल्याण समितीपुढे आणतात.

पण हमीपत्रावर अंगठा उमटला की गाडी निघून जाते, आणि हंगाम तर पंधरा दिवसांवर असतो. लग्न मोडल्यानंतरचे सहा महिने मुलगी राहणार कोठे? येथे जवळच्या संस्थेला नेटाने धरा. हंगामी वसतिगृहात किंवा आजीकडे तिची सोय, शाळेत दहावीपर्यंत नाव चालू, बालसंगोपन योजनेचा अर्ज, आणि महिन्यातून एकदा कोणीतरी येऊन भेटणे, एवढे लेखी ठरवून घ्या, आणि शक्यतो आई-वडील फडावर जायच्या आधी ठरवून घ्या. ज्या वस्तीवर हे झाले तेथे पुढच्या वर्षी दुसऱ्या आईने आपण होऊन विचारलेले मी पाहिले आहे, 'माझीला पण तिथंच ठेवता येईल का?' आणि जेथे नुसता छापा पडला तेथे पुढच्या वर्षी लग्न रात्री लागले, दुसऱ्या तालुक्यात.

प्रश्न : आम्हांला मूल नाही. दत्तकासाठी नोंदणी करून तीन वर्षे झाली. आता ओळखीच्या एका व्यक्तीने सांगितले आहे की एका खासगी रुग्णालयात अविवाहित मुलीची प्रसूती होणार आहे आणि 'थोडा खर्च' केल्यास बाळ थेट आमच्या नावावर लागेल. त्या मुलीचीही सुटका होईल. यात गैर काय?

उत्तर : तुमची तळमळ समजते, तरीही उत्तर कठोर आहे. पैसे देऊन मूल घेणे हा खरेदी-विक्रीचा गुन्हा आहे. त्याला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. पैसे न देता, केवळ कायद्याची रीत टाळून मूल घेतले तरी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जन्मदाखल्यावर खोटी आई लागते हे आणखी वेगळे. आणि असे बाळ मोठे झाल्यावर एखाद्या दिवशी ती 'ओळखीची व्यक्ती' पुन्हा दारात येते, थोडा आणखी खर्च मागायला.

त्या मुलीची सुटका दुसऱ्या मार्गाने होते. ती बाल कल्याण समितीपुढे बाळाचा त्याग करू शकते. तिचे नाव गुप्त राहते, आणि कायदा तिला पुनर्विचारासाठी दोन महिने देतो. हे दोन महिने मला सबंध कायद्यात सर्वांत माणुसकीचे वाटतात. काही मुली चाळिसाव्या, पन्नासाव्या दिवशी परत येतात आणि बाळ घेऊन जातात. रुग्णालयातच बाळ तुमच्या हातात आले असते तर तिच्यासाठी परत येण्याची जागाच उरली नसती. महाराष्ट्राला तर हे नवे नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि तेथे जन्मलेल्या यशवंतला पुढे दत्तक घेतले; १८७५ साली पंढरपुरात प्रार्थना समाजाने अशाच मुलांसाठी आश्रम सुरू केला. या दोन्ही ठिकाणी पहिला विचार होता तो बाईचा जीव आणि बाळाचा जीव वाचवण्याचा. मूल हवे असलेल्यांची सोय नंतर आली.

तुमची नोंदणी चालू ठेवा. २०२२ च्या सप्टेंबरपासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. वयाने मोठ्या बालकाचा किंवा भावंडांच्या जोडीचा विचार करण्याची तयारी असेल तर तसे नोंदवा. तेथे रांग पुष्कळ लहान असते. आणि त्या रुग्णालयाबद्दल १०९८ वर कळवा.

प्रश्न : दर महिन्याला काही रक्कम मुलांच्या संस्थेला द्यायची आहे. कोणती संस्था खरी हे कसे ओळखावे?

उत्तर : मुले ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेची बाल न्याय अधिनियमाखाली नोंदणी हवीच, धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी किंवा प्राप्तिकराच्या ८०जीचे प्रमाणपत्र हे तिला पर्याय नव्हेत. हा कागद मागा. मिळाला नाही तर चहासुद्धा न घेता उठा, कारण नोंदणीशिवाय मुले ठेवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे.

कागद मिळाला तर पुढचा प्रश्न विचारा : गेल्या वर्षी किती मुले घरी गेली? 'आमच्याकडे ऐंशी मुले आहेत' असे अभिमानाने सांगणारे पुष्कळ भेटतील. ऐंशी खाटा भरलेल्या असणे ही वसतिगृहाची कमाई असू शकते, बालसंस्थेची नव्हे. माझ्या पाहण्यातल्या 'अनाथ' म्हणवल्या जाणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांना आई किंवा वडील, निदान एक कोणी तरी, होतेच. जी संस्था घरे शोधते, घरांना भेटी देते, प्रवासावर आणि कार्यकर्त्यांच्या पगारावर खर्च करते, तिच्या जमाखर्चात 'प्रशासन' या सदराखाली मोठा आकडा दिसतो आणि देणगीदार नाक मुरडतात. 'आमचे पैसे थेट मुलांच्या ताटात जायला हवेत' असे ते म्हणतात. परभणीला जाऊन घर पाहून येणाऱ्या कार्यकर्तीचे एसटीचे तिकीट ताटात दिसत नाही. तिकिटाला पैसे द्या.

प्रश्न : ताई, मी सहा वर्षांचा असल्यापासून बालगृहात आहे. पुढच्या महिन्यात अठरा पूर्ण होतील. अधीक्षक सर म्हणतात की नंतर येथे राहता येणार नाही. बारावीची परीक्षा चार महिन्यांवर आहे. मला घर नाही. मी कोठे जाऊ?

उत्तर : तुझे पत्र मी तीनदा वाचले. अक्षर सुंदर आहे.

अठरा पूर्ण झाल्याने त्याच दिवशी कोणी तुला रस्त्यावर आणू शकत नाही. तुझ्यासारख्यांसाठी कायद्यात अनुरक्षणाची, म्हणजे पुढच्या देखभालीची तरतूद आहे. ती एकविसाव्या वर्षापर्यंत चालते. राहण्याची सोय अनुरक्षण गृहात होऊ शकते, किंवा मिशन वात्सल्यमधून दरमहा आर्थिक मदत मिळून तू दोन-तीन मित्रांबरोबर खोली घेऊ शकतोस. मात्र हे आपोआप होत नाही. वाढदिवसाच्या आधी बाल कल्याण समितीकडे अर्ज जायला हवा, आणि त्यात बारावीच्या परीक्षेचा स्पष्ट उल्लेख हवा.

तुला अनाथ प्रमाणपत्र मिळते का हे आत्ताच विचार. महाराष्ट्र शासनाने २०१८ पासून शिक्षणात आणि शासकीय नोकऱ्यांत अनाथांसाठी एक टक्का समांतर आरक्षण ठेवले आहे, आणि ते या प्रमाणपत्रावर मिळते. तू संस्थेत असेपर्यंत हे काम सोपे आहे. बाहेर पडल्यावर त्याच कागदासाठी तुला दहा खेपा घालाव्या लागतील. आधार कार्ड, बँकेचे पासबुक, दहावीचे गुणपत्रक, तू सहा वर्षांचा असताना समितीने दिलेला पहिला आदेश, आणि तुझ्या फाइलीत असेल ते जुने छायाचित्र, या सर्वांच्या प्रती मागून घे. छायाचित्र कोणत्याही कार्यालयात लागत नाही. पण ते तुझे आहे.

पुढच्या सोमवारी अधीक्षक सरांकडे जा. अर्ज दोन प्रतींत लिही, एक त्यांना दे, आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह त्यांची पोच घे. पोच द्यायला त्यांनी टाळाटाळ केली तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने समितीच्या अध्यक्षांना पाठव आणि पावती जपून ठेव. पत्रिकेच्या पत्त्यावर मला एक ओळ लिही. पोस्टाचे तिकीट तू लावू नकोस. या अंकाबरोबर संपादकांनी तुझ्यासाठी तिकीट लावलेली पाकिटे पाठवली आहेत.